एका क्लिकचं काम

साडूच्या घराचं दार मेहुणीने उघडलं आणि तिच्या खांद्यावरून भिंगदादांना आतल्या भिंतीवर दुसरी मेहुणी दिसली. खिडकीएवढी, चौकटीत बसवलेली. दारातली हसत होती. भिंतीवरची फाटली होती.

कागद फाटला नव्हता, चेहरा फाटला होता. एका कडेने तांबडा रंग बाहेर सांडला होता, दुसऱ्या कडेने निळा-हिरवा. कपाळाची एक आडवी पट्टी बोटभर उजवीकडे सरकलेली, हनुवटीची डावीकडे. वरून बारीक आडव्या रेघा, जुना टीव्ही बिघडल्यावर यायच्या तशा.

"मशीन नीट लागलं नव्हतं वाटतं," भिंगदादा आत येत म्हणाले.

मेहुणी हसली. साडू हसला. भिंगदादांची स्वतःची बायकोही हसली. बायकोचं हसणं त्यांना लागलं, कारण त्यांनी विनोद केलाच नव्हता.

"अहो भाऊजी, ते तसंच असतं," मेहुणी म्हणाली. "ग्लिच म्हणतात त्याला. यांनीच केलंय, कॉम्प्युटरवर. वाचनालयाच्या हॉलमध्ये महिनाभर लावलं होतं. लोक उभे राहून बघत होते."

"उभे राहणारच. अपघात झाला की लोक उभे राहतातच."

यावर कोणी हसलं नाही.

भिंगदादांनी एका छापखान्यात चौतीस वर्षं चाररंगी ऑफसेट मशीन चालवलं. रंगीत चित्र म्हणजे चार वेगवेगळे छाप, एकावर एक. निळा, तांबडा, पिवळा, काळा. चारही एका जागी पडले तर माणसाचा चेहरा होतो. एखादा केसभर सरकला तर बाईला मिशी फुटते. चारही रंग जागच्या जागी बसवण्याला छापखान्यात रजिस्टर म्हणतात, आणि भिंगदादांच्या रजिस्टरला नाव होतं. कागदाच्या कोपऱ्यात छापलेल्या बारीक फुल्यांवर भिंग टेकवायचं, एक डोळा मिटायचा, श्वास धरायचा. फुली एकच दिसली तर मशीन पळवायचं. दोन दिसल्या तर थांबवायचं, मग मालक मागे येऊन उभा राहो की मालकाचा बाप. भिंग कायम खिशात, म्हणून नाव भिंगदादा. खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते तिथेच राहिलं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी भिंग खिशातून निघालं नव्हतं. सकाळचा पेपर ते भिंगाने बघत आणि बायकोला सांगत, "आज निळा वर चढलाय." बातमी काय आहे ते तिने विचारलं तर त्यांना माहीत नसे.

साडू त्याच छापखान्यातला. भिंगदादांच्या लग्नाला सोबतचा कामगार म्हणून आला आणि नवरीची धाकटी बहीण बघून गेला. वर्षाच्या आत साडू झाला. तो काचेच्या टेबलावर फिल्मचे तुकडे चिकटपट्टीने जोडायचा. त्यावरून छपाईच्या प्लेटी बनायच्या. बाहीला कायम चिकटपट्टीचे तुकडे, म्हणून त्याचं नाव चिकटपट्टी. हात मोकळा, तोंड त्याहून मोकळं. त्याने जोडलेल्या कामात एक रंग हमखास अर्धा केस बाहेर. ती प्लेट भिंगदादांच्या मशीनवर आली की ते तिला थोडी तिरकी करत, सिलिंडर सरकवत, वीस-वीस कागद वाया घालवून रंग जागेवर आणत. मालकाकडे एकदाही तक्रार केली नाही. शेवटी साडू पडला.

चौतीस वर्षं ज्या चुकीवर पांघरूण घातलं, ती चूक आता चौकटीत बसून भिंतीवर टांगलेली होती. खालच्या कोपऱ्यात साडूची सही होती. भिंगदादांनी आयुष्यात किती लाख कागद छापले त्याची गणती नाही. सही एकावरही नव्हती.

चहा झाला. साडू नव्या कॉम्प्युटरबद्दल बोलला, वाचनालयाच्या बाईंनी केलेल्या कौतुकाबद्दल बोलला, आणखी दोन घरांतून आलेल्या मागणीबद्दल बोलला. भिंगदादा कपातल्या चहाकडे बघत राहिले. मग विचारावं की नको असं करत विचारलंच.

"किती वेळ लागला याला?"

साडूने हात झटकला. "एका क्लिकचं काम आहे रे."

भिंगदादांना ठसका लागला.

घरी परतताना बायको दोन पावलं पुढे चालत होती. एरवी ती मागे असायची.

"काय छान दिसते ना ती?"

"कोण?"

"कोण काय? धाकटी. त्या चित्रात."

"तुकडे झालेत तिचे."

"होऊ देत. बघत राहावंसं वाटतं." मग थोडं थांबून, "माझंही तसं करून घेऊ का भाऊजींकडून?"

"तुला काय धाड भरलीय? तू धड आहेस ती बरी नाहीस का?"

बायको थांबली आणि वळली. ती घरी शिवणकाम करायची, मोजकं बोलायची, आणि बोलली की टाका घट्ट बसायचा. "चौतीस वर्षं तुम्ही जगाची तोंडं छापलीत. नट्या छापल्यात, पुढारी छापलेत, साबणाच्या जाहिरातीतल्या बायका छापल्यात. माझं तोंड एकदा तरी छापलंत? त्या माणसाने निवृत्त झाल्या झाल्या पहिलं चित्र केलं ते बायकोचं."

भिंगदादा खिशातलं भिंग चाचपत म्हणाले, "मी करीन."

"तुम्ही? कॉम्प्युटर सुरू कुठून करतात ते तरी माहीत आहे?"

"एका क्लिकचं काम आहे. तोच म्हणाला."

"मग करा. पहिल्या तारखेला ती दोघं आपल्याकडे जेवायला यायची आहेत. तोवर भिंतीवर लागलं तर तुमचं. नाही लागलं, तर माझा फोटो मी भाऊजींच्या हातात देईन. तुमच्या देखत."

पहिल्या तारखेला बावीस दिवस होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता भिंगदादा जुन्या छापखान्याच्या कॉम्प्युटर खोलीच्या दारात उभे राहिले. तिथे डिझाइन करणारी बाई एकटीच बसे. तिचं हे नोकरीचं पंधरावं का सोळावं वर्ष, पण भिंगदादांच्या लेखी अजून नवी. सगळे तिला डिझाइनवाली म्हणत. एक ते दोन तिची जेवणाची सुटी.

"दादा, तुम्ही? मशीन बिघडलं की काय?"

"नाही. ते चेहरा फाडतात ते शिकायचंय."

डिझाइनवालीने घास गिळला. "कुणाचा?"

"बायकोचा."

"ताईंना माहीत आहे का?"

"तिनेच सांगितलंय."

तिने डबा बाजूला सारला आणि त्यांना खुर्ची दिली. बायकोचा एक फोटो भिंगदादांनी आणला होता, ओळखपत्रासाठी काढलेला. ती समोर बघत होती, जसं ओळखपत्रात सगळे बघतात तसं. डिझाइनवालीने तो यंत्रावर टेकवून आत घेतला, मग पडद्यावर मोठा केला आणि दाखवलं, हे तीन चॅनल. तांबडा, हिरवा, निळा. तिन्ही एकावर एक असतात म्हणून चेहरा नीट दिसतो. तांबडा निवडायचा, डावीकडे ओढायचा. निळा निवडायचा, उजवीकडे ओढायचा. झाली सुरुवात.

"काळा कुठाय?" भिंगदादांनी विचारलं.

"पडद्यावर काळा नसतो दादा. प्रकाश नाही तिथे काळंच."

"म्हणजे काळ्याचं काम वाचलं."

"असंच समजा."

काम वाचलं की भिंगदादांचा त्या कामावरचा विश्वास उडतो. तरी ते बसले. माउस त्यांच्या हातात साबणासारखा निसटायचा. पहिला दिवस माउस धरण्यात गेला. दुसरा दिवस तांबडा पकडण्यात. तिसऱ्या दिवशी त्यांनी तांबडा डावीकडे चार ठिपके, निळा उजवीकडे चार ठिपके, आडव्या पाच पट्ट्या कापून एक आड एक सरकवल्या. पाऊण तास गेला. मग ते पाणी प्यायला उठले. परत येऊन बसले, पडद्यावर रंग सुटलेले दिसले, आणि डोक्याने काही म्हणायच्या आधीच हात चालला. पट्ट्या ओळीत आणल्या. तांबडा जागेवर आणला. निळा जागेवर आणला. डोळा मिटून, श्वास धरून, अगदी काटेकोर. मग समाधानाने सेव्ह केलं.

डिझाइनवाली हात धुऊन आली. "झालं का दादा?"

"झालं. एक केस इकडचा तिकडे नाही."

दोघं पडद्याकडे बघत राहिली. ओळखपत्रातली बायको ओळखपत्रात होती तशी समोर बघत होती.

"अरेच्चा," भिंगदादा म्हणाले.

डिझाइनवाली इतकी हसली की शेजारच्या खोलीतला हिशेबनीस डोकावून गेला.

सातव्या दिवशी एक चित्र पुरं झालं. भिंगदादांनी प्रत्येक पट्टी तेवढीच जाड ठेवली होती, प्रत्येक पट्टी तेवढीच सरकवली होती. डिझाइनवालीने मान वाकडी करून बघितलं.

"वाईट वाटून घेऊ नका. पण हे चुकून झाल्यासारखं दिसतं."

"तसंच तर करायचंय ना?"

"नाही दादा. चूक मुद्दाम केली आहे हे कळायला हवं. आत्ता हे नुसतं वाईट छापल्यासारखं वाटतंय."

वाईट छापलेलं! हे त्यांना आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं. त्यांची कानशिलं तापली. साडूच्या चुकीला वाचनालयात जागा मिळाली. त्यांनी जन्मात पहिली चूक केली, तर ती चूक म्हणूनही धड जमली नाही.

"ते एका क्लिकचं कुठे असतं?" त्यांनी विचारलं.

"एका क्लिकचं?"

"साडू म्हणाला."

"हां, तयार मिळतो तसा इफेक्ट." तिने एक यादी उघडली आणि एकदा बोट दाबलं. बायकोचा चेहरा क्षणात फाटला. रेघा आल्या, रंग सुटले, पट्ट्या पळाल्या. हुबेहूब.

भिंगदादा खुर्चीत मागे टेकले. सात दिवसांत पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं. म्हणजे तसंच होतं तर. साडूने बोट दाबलं होतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या जिवावर काम केलं, आता यंत्राच्या जिवावर सही ठोकली. त्यांच्या पोटातली आग पोटातच होती, पण आता तिला खायला लाकूड मिळालं होतं.

"हे छापून दे मला," ते म्हणाले. "छोटं चालेल. पुरावा हवाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद गुंडाळून ते साडूच्या घरी गेले. साडू बाजारात गेला होता. मेहुणी चहा टाकायला आत गेली. भिंगदादांनी कोपऱ्यातलं स्टूल भिंतीशी ओढलं, वर चढले, खिशातून भिंग काढलं आणि भिंतीवरच्या मेहुणीवर टेकवलं. एका हातात भिंग, दुसऱ्यात पुरावा.

पुराव्यात सगळं एकसारखं सुटलं होतं. तांबडा जिथे तिथे तेवढाच बाहेर, कानाशी तेवढा, बटणाशी तेवढा. भिंतीवर तसं नव्हतं. गालाशी तांबडा नखभर बाहेर होता, मानेशी अर्धा, केसांत जवळजवळ नाही. पट्ट्या त्यांनी मोजायला घेतल्या, चाळीसनंतर मोजणं सोडलं. एकही दुसरीएवढी जाड नव्हती. मग भिंग सरकत सरकत डोळ्यांवर आलं आणि भिंगदादांचा हात थांबला.

डोळे जागेवर होते.

दोन्ही डोळे, पापण्यांच्या केसांसकट. तांबडा, हिरवा, निळा एकावर एक, केसभरही हललेले नाहीत. कपाळ सुटलेलं, गाल सुटलेले, सगळा चेहरा वाऱ्यावर गेलेला, आणि मधोमध दोन डोळे खिळ्यासारखे पक्के. म्हणून बघत राहावंसं वाटत होतं. असं रजिस्टर भिंगदादांच्या मशीनवर चांगल्या दिवशी यायचं.

"भाऊजी," मागून मेहुणीचा आवाज आला, "माझ्या डोळ्यांत काय शोधताय?"

ते स्टुलावरून पडता पडता वाचले. त्याच वेळी दारातून साडू आत आला, हातात भाजीची पिशवी.

"अरे, खाली ये. वय झालंय आपलं."

भिंगदादा खाली आले. पुराव्याची गुंडाळी त्यांनी पाठीमागे धरली. "हे एका क्लिकचं नाही."

साडूने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"डोळे वेगळे कापून जागेवर ठेवलेस. पट्ट्या एकेक करून सरकवल्यास. किती दिवस?"

"सव्वीस. रोज चार तास धर."

"मग एका क्लिकचं का म्हणालास?"

साडूने पिशवी खाली ठेवली. "तुझ्यापुढे कष्टाचं नाव काढायची माझी छाती कधी झालीय का? सव्वीस दिवस म्हणालो असतो, तर तू म्हणाला असतास, एवढ्यात मी किती कागद छापले असते."

भिंगदादा तेच म्हणणार होते.

साडूने कपाटाचा तळचा कप्पा ओढला. आत कागदांचा गठ्ठा होता, कडा पिवळ्या पडलेल्या. भिंगदादांनी तो बघताक्षणी ओळखला. मशीन सुरू केल्यावर पहिले दहा-वीस कागद निघतात, रंग जागेवर यायच्या आधीचे. सेटिंगचे कागद. ते भिंगदादा न बघता रद्दीत टाकत. इथे ते वर्षानुवर्षांचे रचून ठेवले होते. साबणाच्या बाया, गाड्या, फळं, सगळी रंग सुटलेली.

"मला हेच आवडायचे," साडू म्हणाला. "तू टाकायचास, मी उचलायचो. कुठला रंग किती सुटला की काय दिसतं, ते यातनं शिकलो."

"यातला निम्मा रंग तुझ्यामुळे सुटलेला आहे."

"मग! माहीत आहे मला. आणि तू भिंग लावलंस की माझी चूक गायब. वर बोलायचा नाहीस एक शब्द. नुसतं माझ्यासमोर उभं राहून भिंग पुसायचास. तू चारचौघांत शिवी घातली असतीस ना, तर मी सुखाने झोपलो असतो." साडू हसला, पण ते नेहमीचं मोकळं हसणं नव्हतं. "तुझं बघून जळायचो मी. चौतीस वर्षं. आता जरा तू जळ."

"मी कशाला जळू?"

"मग स्टुलावर काय हवा खायला चढला होतास?"

मेहुणीने चहा आणून ठेवला आणि गुपचूप आत गेली.

"तिचा फोटो दे," साडू जरा नरमून म्हणाला. "मी करून देतो."

"नको."

"बरं, डोळे कसे धरून ठेवतात ते दाखवू?"

"नको."

चहा तसाच ठेवून भिंगदादा निघाले. वाटेत त्यांनी पुरावा फाडला, चार तुकडे करून खिशात कोंबला. एका क्लिकचं असतं तर बरं झालं असतं. चोराचा राग करता येतो. सव्वीस दिवस रोज चार तास बसणाऱ्याचा काय करायचा? आळशी म्हणून ज्याला मनातल्या मनात चौतीस वर्षं खालच्या पायरीवर उभं केलं, तो मेहनत करून वर चढून बसला होता. जळफळाट आधीही होता. आता त्याला कारण होतं.

चौदा दिवस उरले होते.

ओळखपत्राचा फोटो त्यांनी टाकून दिला. त्या चेहऱ्यात धरून ठेवण्यासारखं काही नव्हतं. डोळे धरले असते तर साडूची नक्कल झाली असती. मग काय धरायचं? हे ठरवायला बायकोकडे बघणं भाग होतं, आणि भिंगदादा बघायला लागले. सकाळी बघितलं, दुपारी बघितलं. ती कापड बेतताना, ती कात्री चालवताना, ती शेजारणीशी बोलताना.

"काय टक लावून बघताय?" तिसऱ्या दिवशी ती म्हणाली. "काही सांडलंय का अंगावर?"

"काम कर तू."

"करतेय. तुम्ही बघितलंत की टाका वाकडा पडतो."

"कधीपासून?"

"कधीपासून काय? बघायला लागल्यापासून. परवापासून."

त्याच दिवशी तिचा धागा तुटला. तिने टोक दातांनी तोडलं, ओठांनी ओलं केलं, सुई उजेडात धरली. एक डोळा मिटला. श्वास धरला. धागा सुईच्या नाकासमोर क्षणभर थांबला आणि आत गेला. तिने श्वास सोडला.

भिंगदादांचा हात आपोआप खिशातल्या भिंगावर गेला. एक डोळा मिटायचा, श्वास धरायचा. हे त्यांचं होतं. छापखान्यात हे करताना त्यांनी किती वेळा मनात म्हटलं होतं की घरी कोणाला याची किंमत कळायची नाही. आणि घरात ही रोज पन्नास वेळा तेच करत होती, बिनभिंगाची. तिच्या कामाकडे कोणी कधी बघितलं नव्हतं, हे खरं. पण त्यांनी तरी कुठे बघितलं होतं? त्यांना आता बायकोचाही थोडा हेवा वाटला.

"पुन्हा ओव," ते म्हणाले.

"ओवली की आत्ता."

"काढ आणि पुन्हा ओव. आणि तुझा फोन कुठाय?"

फोनवर फोटो काढायला त्यांना सतरा प्रयत्न लागले. सतरा वेळा तिने सुई ओवली आणि सतराही वेळा पहिल्या झटक्यात. शेवटी ती म्हणाली, "चित्र होवो न होवो, मला आज जांभया देणारा नाही, बघणारा नवरा मिळाला," आणि उठून कामाला लागली.

पुढचे दिवस भिंगदादा एकच्या ठोक्याला छापखान्यात हजर. डिझाइनवाली डबा घेऊन बाहेरच्या बाकावर बसायची आणि खुर्ची त्यांना सोडायची. त्यांनी चेहरा जागेवरून सोडला. केस सोडले. खांदे, खिडकी, मागचं कापड, शिवणयंत्राचं चाक, सगळं सोडलं. एकेक पट्टी वेगळ्या जाडीची, वेगळ्या अंतरावर. काही सोडणं त्यांच्या हाताला माहीत नव्हतं. प्रत्येक पट्टीला मन घट्ट करावं लागलं. मधे फक्त एवढंच धरून ठेवलं: दोन बोटांची टोकं, धाग्याचं टोक आणि सुईचं नाक. तिथे तिन्ही रंग एकावर एक, जसे मशीनवर बसवायचे तसे. पाणी प्यायला उठताना ते आता डिझाइनवालीला सांगून जात, "परत आल्यावर माझ्या हाताला माउस लागू देऊ नकोस. आधी विचार, काय करणार आहात."

तीस तारखेला चित्र छापून झालं. चौकटीत बसलं. भिंतीवर लागलं. बायको समोर उभी राहिली. मग म्हणाली, "माझा चेहराच दिसत नाही यात."

भिंगदादांनी सरळच असलेली चौकट पुन्हा सरळ केली.

"राहू दे," ती म्हणाली. "चेहरा काय, आरशातही दिसतो." आणि डोळ्यांना पदर न लावता, हातातली सुई कापडात टोचून, ती स्वयंपाकघरात निघून गेली. तिथे बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही.

पहिल्या तारखेला पाहुणे आले. मेहुणी आधी आत आली आणि चित्रासमोर थांबली. "अगं ताई," एवढंच म्हणाली, आणि मग नवऱ्याकडे वळून, "तुम्ही माझे हात का नाही हो घेतलेत?"

भिंगदादांनी ते ऐकलं. त्या एका वाक्यासाठी त्यांनी आणखी बावीस दिवस दिले असते.

साडू पुढे झाला. चित्राच्या अगदी जवळ गेला, मागे आला, पुन्हा जवळ गेला. मग वळून हात पुढे केला.

"भिंग दे."

इतक्या वर्षांत ते भिंग दुसऱ्या कोणाच्या हातात गेलं नव्हतं. भिंगदादांनी आधी ते सदऱ्याला पुसलं. पुसताना साडूने बघितलं, तेव्हा त्यांनी पुसणं थांबवलं आणि तसंच दिलं. साडूने सुईवर भिंग टेकवलं. एक डोळा मिटला.

"किती दिवस?" भिंगावरून डोळा न काढता त्याने विचारलं.

"एका क्लिकचं काम आहे रे," भिंगदादा म्हणाले.

आतून बायको म्हणाली, "हो तर! म्हणून तीन आठवडे दुपारचं जेवण तीन वाजता झालं."

सगळे हसले. साडूही हसला, पण डोळा तिथेच. मग त्याने भिंग परत केलं आणि सहज म्हटल्यासारखं म्हणाला, "सुईच्या नाकाशी निळा अर्धा केस बाहेर राहिलाय."

"काहीतरीच."

"बघ."

"मी बघितलंय."

"बरं. तू बघितलंयस म्हणजे असेल जागेवर."

जेवण छान झालं असं सगळे म्हणाले. भिंगदादांना चव कळली नाही. पाहुणे कोपऱ्यावर वळेपर्यंत ते दारात उभे राहिले आणि मग स्टूल ओढलं. सुईच्या नाकावर भिंग टेकवलं.

निळा अर्धा केस बाहेर होता.

ज्या माणसाची चूक त्यांनी चौतीस वर्षं झाकली, त्याला आज त्यांची दिसली होती. आणि त्यांना नव्हती. ते स्टुलावरून उतरले आणि चौकटीला हात घातला.

"काय करताय?" बायको दारात उभी होती.

"उद्या छापखान्यात नेतो. एका दिवसाचं काम. निळा सरकलाय."

"कुठे?"

त्यांनी दाखवलं. तिने नुसत्या डोळ्यांनी बघितलं, मग भिंगाने बघितलं.

"मला दिसत नाही."

"मला दिसतो. त्याला दिसतो."

"चित्र माझं आहे का भाऊजींचं?" तिने त्यांचा हात चौकटीवरून काढला. "हे खाली उतरवलंत ना, तर त्यांच्याकडून नवं करून घेईन. चेहऱ्यासकट."

चित्र भिंतीवरच राहिलं. त्या दिवसापासून भिंगदादा जेवायला बसतात ते भिंतीकडे पाठ करून. बायको वाढताना कधीकधी म्हणते, "एकदा वळून बघा की, किती छान उजेड पडलाय सुईवर." भिंगदादा ताटातलं संपवतात, हात धुतात आणि विचारतात, "साडूकडचं ते चित्र अजून तिथेच लावलेलं आहे ना? भिंग घेऊन एकदा जायला हवं."